माळावर ‘काही आढळले नाही’ हे कसं ठरवतात? (सरडे, साप, बेडूक आणि आमचं गायरान)

माळावरचा | १४ एप्रिल, रात्री ९:४०

आमचं गाव माण तालुक्यात. नाव मुद्दाम लिहीत नाही. पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही पडला तर. गावाला शंभरेक एकर गायरान आहे. मुरमाड माळ, मधून एक ओघळ, वरच्या अंगाला काळा खडक उघडा पडलेला, खाली पणज्याच्या काळातल्या दगडी ताली (बांध), आणि एक मुरमाची सोडून दिलेली खाण. झाडं म्हणाल तर हिवर, बोर, तरवड आणि आता बरीचशी वेडी बाभूळ.

यातल्या काही भागावर सौर प्रकल्प येऊ घातलाय. मी विरोधात नाही हे आधीच सांगतो. दिवसा वीज मिळाली तर माझ्याच विहिरीवरची मोटर चालणार आहे. प्रश्न वेगळा आहे. गेल्या महिन्यात पाहणी झाली. दोन माणसं सकाळी अकराला गाडीतून उतरली, दीडला जेवायला गेली ती गेलीच. अहवालात सरपटणारे प्राणी या रकान्यात ‘आढळले नाहीत’ आणि उभयचर या रकान्यात ‘पाण्याचा स्रोत नसल्याने लागू नाही’.

आमच्या तात्यांनी (चुलते, चाळीस वर्षं मेंढरं राखलीत) हे ऐकलं आणि म्हणाले, “मार्चात दुपारच्याला बेडूक गावंल व्हय रं? त्यो काय सरपंच हाय, गाडी आली की भायेर यायला?”

मी गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत आहे. २००२ च्या कायद्यानं समिती असावी लागते म्हणून आहे. आमच्या लोक जैवविविधता नोंदवहीत सापांच्या पानावर चार ओळी: नाग, घोणस, मण्यार, धामण. फुरसंसुद्धा नाही, आणि फुरसं तर शाळेच्या पायरीखाली निघालं होतं!

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत हे पान नीट भरायचंय, आणि ‘आम्हाला लहानपणापासून माहीत आहे’ याच्या पुढचं काहीतरी हवंय. कोरड्या माळाची अशी पाहणी करतात कशी? कोणत्या भागाला हात लावू नका हे कशाच्या जोरावर सांगायचं? जाणकारांनी लिहावं.

---

निशाचर | १४ एप्रिल, रात्री ११:५५

छान धागा. उद्या सविस्तर लिहितो. तोवर एकच: त्या अहवालातल्या ‘आढळले नाहीत’ला ‘नाहीत’ समजू नका, आणि तुमच्या नोंदवहीतही तीच चूक करू नका. किती वेळ, किती जणांनी, कुठे, कधी शोधलं ते लिहिल्याशिवाय ‘आढळले नाहीत’ या दोन शब्दांना वजन नाही.

---

कुसळ | १५ एप्रिल, सकाळी ७:१०

वाचतोय. पण एक खवचट प्रश्न: सरडे मोजून होणार काय? सौर प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते का मुळात?

---

माळावरचा | १५ एप्रिल, सकाळी ७:३२

नाही लागत. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत सौर फोटोव्होल्टाइक प्रकल्प येतच नाहीत. म्हणूनच तर. कुणी वरून येऊन नीट बघणार नाही हे ठरलेलंच आहे. मग गावानंच बघितलेलं बरं. पत्रे कुठे बसवायचे हे अजून ठरायचंय. खाण आणि ताली सोडून शेजारच्या सपाट बरडावर बसवा, एवढं जरी म्हणता आलं तरी पुष्कळ.

---

निशाचर | १५ एप्रिल, रात्री १०:१५

आता लांबण लावतो.

कोरड्या मुलखात जनावर राहतं ते जमिनीवर नव्हे, जमिनीच्या फटीत. एप्रिलच्या दुपारी खडकावर हात टेकवून बघा, टेकवत नाही. तोच दगड उचलून खालच्या मातीवर हात ठेवा. हा जो फरक आहे त्यावर तुमच्या माळाचे निम्मे रहिवासी जगतात. त्यामुळे पहिलं काम प्राणी शोधणं नाही, आसरे शोधणं. सपाट दगड, खडकाच्या पापुद्र्यासारख्या सुटलेल्या कपच्या, तालींच्या सांदी, वारुळं, उंदरांची बिळं, काळ्या रानातल्या भेगा, जुन्या बोरीच्या बुंध्यातली ढोली, वाळलेलं निवडुंग. दुसरं काम, पाणी कुठे साचतं आणि किती दिवस टिकतं ते बघणं.

म्हणून शंभर एकरांवर चौकटी आखत बसू नका. गावकरी जसे माळाचे भाग ओळखतात तसेच पाडा: टेप (म्हणजे वरचा खडकाळ उंचवटा), ओघळ, ताली, खाण, बरड. प्रत्येक भागाला सारखा वेळ द्या. दोन माणसं एक तास शोधली की दोन मनुष्यतास. भाग कितीही कंटाळवाणा असो, वेळ तोच. नाहीतर होतं काय, सगळे तालींपाशी रमतात, तिथे दहा जाती लिहितात आणि बरडावर ‘काही नाही’.

वेळा तीन. एक, आत्ता. एप्रिल-मे-जूनची सकाळ, साधारण आठ ते अकरा, ही गळ्याला पंखा असलेल्या सरड्यांची वेळ. नर एखाद्या दगडावर चढून गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा फडकवतो, आणि हे ऐन उन्हाळ्यात, कारण वीण पावसाच्या तोंडावर असते. ऑगस्टमध्ये त्याच माळावर गेलात तर तोच सरडा मातीच्या रंगाचा, पंखा मिटलेला, दिसून न दिसल्यासारखा. दोन, वळवाच्या पहिल्या दमदार पावसाची रात्र. ही चुकवलीत तर बेडकांचं पान कोरं राहील. तीन, सप्टेंबर. तुमच्याकडे खरा पाऊस तेव्हाच पडतो.

थोडं अवांतर: या पंखेवाल्या सरड्यांच्या एका गटाला शास्त्रज्ञांनी २०१६ साली ‘सराडा’ असं नाव दिलं. आपल्या सरडा या शब्दावरून. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा तो सराडा सुपर्बा. जगाच्या शास्त्रीय यादीत मराठी शब्द बसलाय आणि आपल्या सातबाऱ्यावर त्या जागेला म्हणतात पोटखराबा.

---

एक_बाई_शाळेतल्या | १६ एप्रिल, दुपारी २:०५

माझ्या आठवीच्या मुलांना यात घेता येईल का? दगड उलटायला सगळे एका पायावर तयार होतील, त्याचीच भीती वाटते.

---

निशाचर | १६ एप्रिल, रात्री ९:२०

बाई, दगड उलटायला मुलं नकोत. फुरसं दगडाखालीच असतं, हातभरसुद्धा नसतं, मातीच्या रंगाचं आणि तापट. मोठ्या माणसांनीही बोटं खाली घालायची नाहीत. आकडा लावलेली काठी किंवा कुदळ दगडाच्या पलीकडच्या कडेला लावायची आणि दगड आपल्याकडे उचलायचा. म्हणजे फट उघडते ती समोरच्या बाजूला आणि दगड मध्ये ढालीसारखा राहतो. पायात गुडघ्याखालपर्यंतचे बूट. कुणाला चावलंच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही, पाय हलू न देता गाडीत घालून सरळ रुग्णालय. आपल्याकडचं प्रतिसर्पविष फुरशावरही चालतं. कुठल्या रुग्णालयात ते ठेवलेलं असतं हे आधी विचारून मगच माळावर जा.

मुलांना दुसरी कामं आहेत. साप टाकून गेलेली कात शोधणं. कातेवर खवल्यांच्या ओळी मोजता येतात, फोटोवरून पुष्कळदा जात सांगता येते. धुळीतले माग बघणं: घोरपडीच्या पंज्यांच्या दोन रांगा आणि मध्ये शेपटीची ओढलेली रेघ. सकाळी डांबरी रस्त्यावर चिरडलेल्यांची मोजणी. वाईट वाटतं, पण त्यासारखी बिनतोड नोंद नाही. फोटो, तारीख, जागा.

पकडायचं मात्र काहीच नाही, पालही नाही. जमिनीत बादल्या पुरून सापळे लावतात ती पद्धत वन विभागाच्या परवानगीशिवाय करता येत नाही, आणि तुम्हाला तिची गरजही नाही.

---

तळटीप | १६ एप्रिल, रात्री ९:४४

दगड परत तसाच ठेवायचा हे राहिलं.

---

माळावरचा | १६ एप्रिल, रात्री १०:३०

आज तात्यांना घेऊन टेपावर गेलो होतो, तेव्हा हेच झालं. मी एक परातीएवढा दगड उचलला, खाली काही नव्हतं, टाकून दिला जवळच. तात्यांनी तो उचलून परत त्याच खळग्यात बसवला, काठीनं कडेची माती सारली. म्हणाले, “ह्यो दगूड इतं बसायला किती पावसाळं लागलं आस्त्याल. आता फट ऱ्हायली तर ऊन आत जातंय.” पुढच्या दगडाखाली एक जाड शेपटीची, ठिपक्यांची पाल निघाली. घरातल्या पालीसारखी भिंतीला चिकटणारी नव्हे, पायांवर उभी राहून चालणारी. आमच्याकडे सगळे तिला जहरी समजतात. तिनं चक्क पापणी मिटून उघडली! पालीला पापणी असते का?

---

निशाचर | १६ एप्रिल, रात्री १०:४१

घरातल्या पालीला नसते. तुम्ही बघितली ती लेपर्ड गेको. तिला हलणाऱ्या पापण्या असतात, आणि बोटांना चिकटायच्या गाद्या नसतात म्हणून ती भिंत चढत नाही. जाड शेपटीत चरबी साठवते, टंचाईची बेगमी. विष अजिबात नाही. पहिल्याच दिवशी ही सापडली म्हणजे टेपाला पहिला नंबर द्यायला हरकत नाही.

---

भुजचा_पाटील | १८ एप्रिल, सकाळी ११:००

नोकरीनिमित्त कच्छमध्ये आहे. इथल्या गवताळ सपाटीवर सांडा म्हणून काटेरी शेपटीचा सरडा आहे, शाकाहारी, वस्ती करून राहणारा. त्याची पाहणी त्या मानाने सोपी: बिळं मोजायची. पण त्यातही गोम आहे. बीळ दिसलं म्हणजे सांडा आहे असं नाही. तोंडाशी ताजी माती, शेपटीची रेघ, लेंड्या असतील तरच चालू बीळ धरायचं. सांडा आत गेला की तोंड मातीनं बुजवून घेतो, त्यामुळे चुकीच्या वेळी गेलात तर चालू बीळच बंद दिसतं आणि ओसाड पडलेलं उघडं. नवखा माणूस नेमकं उलटं मोजून येतो.

तुमच्या वेड्या बाभळीला इथे ‘गांडो बावळ’ म्हणतात, अर्थ तोच. इथल्या बन्नीच्या गवताळ रानात तिनं गवताचं काय केलं ते बघायला या एकदा. तुमच्या माळावर ती किती पसरलीय तेही नोंदवा. उघड्यावर ऊन खाणाऱ्या सरड्याला गच्च सावलीचा उपयोग नाही.

---

कुसळ | १८ एप्रिल, सकाळी ११:२५

म्हणजे झाडं लावणंही वाईट? दरवर्षी पावसाळ्यात माळावर खड्डे घेऊन ग्लिरिसिडिया लावतो आम्ही. आता तुम्ही म्हणणार तेही नको.

---

निशाचर | १८ एप्रिल, रात्री ८:५०

कुसळराव, झाड वाईट नाही, जागा चुकते. माळ हा ‘झाडं नसलेलं जंगल’ नाही, ते वेगळंच रान आहे. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांत कितीतरी गवताळ माळ ‘पडीक’ म्हणून रंगवलेत. पडीक म्हटलं की काहीतरी करून दाखवावंसं वाटतं माणसाला. चर खणताना, खड्डे घेताना जे दगड हलतात त्यांचा हिशोब कुणी ठेवत नाही. सलग समतल चरांबद्दल एक बघा मात्र: पहिल्या पावसाचं पाणी त्यात साचलं की बेडूक अंडी घालतात. पाणी आठ दिवसांत मुरलं तर पिल्लावळ सगळी सुकते. चराचं कामच पाणी मुरवणं आहे, त्याला दोष नाही. पण ‘चरात बेडूक आले, बघा किती छान’ असा फोटो काढून थांबू नका, तीन आठवड्यांनी परत जा.

अजून एक धोका. भरपूर सरडे दिसले म्हणजे अधिवास उत्तम, असंही नसतं. चाळकेवाडीलाच मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी पवनचक्क्यांच्या पठारावर अभ्यास केला, २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी, आणि म्हणून पंखेवाले सरडे जास्त. पण त्या सरड्यांची अंगकाठी खालावलेली, माणूस जवळ गेला तरी ते लवकर पळत नव्हते, नरांच्या गळ्याचे रंगही फिके. नुसती डोकी मोजली असती तर ‘पवनचक्क्या सरड्यांना मानवतात’ असा निष्कर्ष निघाला असता. म्हणून सरड्यांबरोबर आकाशात कोण फिरतंय तेही लिहा: घार, कापशी, खरूची.

---

दुबईस्थित | १९ एप्रिल, दुपारी ३:१५

इकडचं थोडं. वाळवंटात उभयचर कसले, असं मलाही वाटायचं. संयुक्त अरब अमिरातीत दोन जातींचे भेक (खरखरीत कातडीचे बेडूक) आहेत. हट्टाच्या डोंगरातल्या वाद्यांमध्ये, म्हणजे कोरड्या नदीपात्रांत, खडकाच्या आडोशाला जी कुंडं राहतात तिथे संध्याकाळी जाऊन बसलं की दिसतात. पाणी हंडाभर असेल. सगळी वादी तुडवली तर बाकी नुसते गोटे.

---

माळावरचा | २० एप्रिल, रात्री ९:००

आमच्या ओघळीत अशी दोन कुंडं आहेत, मेंढरं पाणी पितात ती. एप्रिलमध्ये कोरडी असतात म्हणून मी गणतीत धरलीच नव्हती. खूण केली.

आणखी एक गंमत. निशाचर यांनी व्यनि (खासगी निरोप) करून सुचवलं होतं की म्हाताऱ्या माणसांना आणि मेंढपाळांना फोटो दाखवून विचारा, आणि त्यात आपल्याकडे नसलेल्या दोन-तीन जनावरांचे फोटो मिसळा. मी नागराजाचा फोटो घातला, जो घनदाट पावसाळी जंगलातला. सहा जणांपैकी पाच जण म्हणाले, हा आपल्याकडचा नव्हे. सहावे म्हणाले, रोज बघतो, आमच्या गंजीत राहतो. त्यांची उरलेली सगळी माहिती पेन्सिलीनं लिहिलीय :)

तात्यांनी मात्र एक फोटो बघून जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. “ह्यो फुगरा बेडूक. वरसातनं दोन रातीच दिसतोय. खाणीत.”

---

गोट्या_सर्पमित्र | २२ एप्रिल, रात्री ११:१०

मी पण माणमध्ये सर्प वाचवतो. मांडूळ पाहिजे असेल तर [मजकूर काढला] च्या मागच्या ओढ्यात, पुलापासून डावीकडे तिसऱ्या ताली खाली हमखास. काल पण होतं.

---

व्यवस्थापक | २२ एप्रिल, रात्री ११:३४

वरच्या प्रतिसादातून गावाचं नाव काढलं आहे. मांडुळाची तस्करी राज्यात किती चालते हे सर्वांना माहीत आहे. दुतोंड्या म्हणून, पैशाचा पाऊस म्हणून लाखांचे सौदे होतात. कृपया मांडूळ, घोरपड यांची नेमकी जागा कुठल्याही उघड धाग्यावर लिहू नये. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

---

गोट्या_सर्पमित्र | २२ एप्रिल, रात्री ११:४०

सॉरी. लक्षात आलं नाही.

---

माळावरचा | २२ एप्रिल, रात्री ११:५२

यावरून पुढचा प्रश्न. नोंदवही ग्रामपंचायतीत कुणीही उघडून बघू शकतो. जागा लिहायची की नाही?

---

निशाचर | २३ एप्रिल, सकाळी ६:४५

नोंदवहीत भागाचं नाव लिहा: ‘ताली’, ‘ओघळ’. अक्षांश-रेखांश वेगळ्या वहीत, ती समितीच्या कपाटात. आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकत असाल तर ठिकाण अस्पष्ट करण्याची सोय आहे, ती वापरा.

---

शेततळ्याचा_मालक | ३० एप्रिल, सकाळी ८:३०

तुमच्या गायरानाला लागून प्लास्टिक अंथरलेली शेततळी आहेत का? असतील तर तीही पाहणीत धरा. माझ्या तळ्यात गेल्या पावसाळ्यात एक धामण, दोन विरोळे (पाणसाप) आणि बेडूक तर ओंजळीनं मेलेले काढले. प्लास्टिकचा उतार गुळगुळीत, आत पडलं की वर येता येत नाही. बेडूक पाण्यातला म्हणून काय झालं, दमून तोही बुडतो.

आता चारी कोपऱ्यांना जाड काथ्याच्या दोऱ्या गाठी मारून सोडल्यात आणि दोन बाजूंना गोणपाटाच्या पट्ट्या, वर दगडाला बांधून. खर्च काहीच नाही. जाळी टाकू नका, माशाची तर नकोच, त्यात साप अडकतो.

---

माळावरचा | १ मे, रात्री ९:१०

तीन शेततळी आहेत. एकात माझे दोन विरोळे काल तरंगत होते. ‘माझे’ म्हणजे पाहणीच्या यादीत नसलेले. यादीत अशी भर पडावी असं वाटलं नव्हतं. दोऱ्या उद्या.

---

माळावरचा | २९ मे, पहाटे ३:२०

झोप येत नाहीये म्हणून लिहितो.

काल संध्याकाळी पाचला वळीव. गारा आधी, मग तासभर असा पाऊस की ओघळीचा आवाज घरात यायला लागला. आठला थांबला. मी, तात्या, शाळेतल्या बाई आणि त्यांचे यजमान, चौघे विजेऱ्या घेऊन निघालो. रस्त्यावरच सुरुवात झाली. पन्नास पावलांत चार भेक, एक चिरडलेला. फुरसं एक, डांबरावर वेटोळं न घालता सरळ पसरलेलं. आमचा उजेड पडल्यावर अंगाच्या घड्या एकमेकींवर घासायला लागलं. करवतीनं ओलं लाकूड कापावं तसा आवाज. लांबून वळसा घातला.

खाणीत घोटाभर पाणी साचलं होतं. दुपारी चारला तिथे नुसता मुरूम होता, मी स्वतः बघून आलो होतो. आता तिथे उभं राहून बोललेलं ऐकू येत नव्हतं. एक आवाज कंगव्याच्या दातांवरून नख ओढल्यासारखा, शेकडो कंगवे. त्याखाली भेकांची लांबच लांब कुरकुर. मोठे बेडूक, पिवळेजर्द झालेले, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. बाईंच्या यजमानांनी ते विषारी असल्याचा व्हॉट्सॲपवरचा संदेश आठवून सांगितला आणि बाईंनी तिथेच त्यांचं निरसन केलं.

मग तात्यांनी माझा दंड धरला आणि विजेरी खाली, खाणीच्या कडेच्या भुसभुशीत मातीवर वळवली. माती हलत होती. उकरल्यासारखी नाही, आतून कुणीतरी श्वास घेतल्यासारखी. वर आला तो बटाट्याएवढा गोल, मुंडकं जवळजवळ नाहीच, अंगाला माती चिकटलेली. थोडा वेळ तिथेच बसला. पावसाचे चार थेंब झाडावरून पडले तसा चालत पाण्यात गेला. उडी नाही, चाललाच. तात्यांनी विजेरी बंद केली. “फुगरा,” म्हणाले. “आता बास. त्येंचं चालूद्या.”

जवळच आणखी एक वेगळा. आखूड, मोठ्या डोळ्यांचा. उजेड पडल्यावर मागच्या मागे मातीत जायला लागला, मागचे पाय फावड्यासारखे दोन्हीकडे ओढत. दोन मिनिटांत फक्त डोळे वर, मग तेही नाहीत. त्या जागी पाय पडला असता तरी कळलं नसतं.

फोटो आहेत, आवाज फोनवर घेतलेत. खाण: चार मनुष्यतास, किमान सहा जाती. टेप: दोन मनुष्यतास, एक लेपर्ड गेको. बरड: दोन मनुष्यतास, शून्य. शून्य लिहिलंय.

---

निशाचर | २९ मे, सकाळी ७:०५

शून्य लिहिलंत हे वाचून जास्त आनंद झाला. पण बरडावर मे महिन्याच्या सकाळी पंखेवाले सरडे बघितलेत ना? रात्रीचं शून्य हे रात्रीचं.

फोटो बघितले. फुगरा उपेरोडॉन प्रजातीतला (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट), वाळवी-मुंग्या खाऊन राहणारा. मागे सरकत मातीत गेलेला स्फेरोथेका. त्याच्या टाचेला फावड्यासारखा कडक उंचवटा असतो, त्यानं खणतो. २०१७ मध्ये आपल्याकडच्याच स्फेरोथेकांतून ‘पश्चिमा’ नावाची जात वेगळी काढली. फोटोवरून छातीठोक सांगता येत नाही, तेव्हा नोंदवहीत प्रजातीपर्यंतच लिहा. कंगवेवाले मायक्रोहायला. तेही प्रजातीपर्यंतच.

आता खरं काम. खाणीत एक काठी रोवा, बोटाबोटावर खुणा करा. पाणी किती दिवस टिकतं ते रोज नाही तर तीन दिवसांनी लिहा. डिंभकांना मागचे पाय कधी फुटतात, शेपटी जाऊन इवले बेडूक कधी बाहेर पडतात, तो दिवस लिहा. खाण ही बेडकांची जागा आहे की बेडकांचा सापळा, ते त्या दोन तारखांवरूनच कळेल.

---

एक_बाई_शाळेतल्या | २९ मे, दुपारी १२:३०

काठीचं काम माझ्या मुलांचं. ठरलं. शाळा उघडेपर्यंत जवळच्या वस्तीवरची तिघं बघतील.

---

माळावरचा | ३१ मे, रात्री ८:४५

बरडाचं सकाळचं उत्तर: बरोबर पकडलंत. चार सकाळी गेलो. बरडावर एकूण अकरा पंखेवाले नर, टेपावर तीन. जिथे मेंढरं चरून गवत बुटकं झालंय आणि मध्ये मध्ये मुठीएवढे दगड आहेत, तिथेच सगळे. आणि मी १५ एप्रिलला याच धाग्यावर लिहून बसलोय की ताली सोडा, पत्रे बरडावर बसवा.

---

कुसळ | ३१ मे, रात्री ८:५८

आता?

---

माळावरचा | ३१ मे, रात्री ९:१५

आता माहीत नाही. तात्या म्हणतात, उत्तरेकडचा कोपरा, जिथे वेडी बाभूळ गच्च झालीय, तिथे द्या. तिथे आठ मनुष्यतासांत एक बागेतला साधा सरडा मिळालाय. रात्रीही गेलो, काही नाही. बाभूळ काढायचा खर्च मात्र वाढेल, कंपनी काय म्हणते बघू.

---

भुजचा_पाटील | १ जून, सकाळी १०:२०

बाभूळ काढलीत तर मुळासकट. नुसती तोडली तर दुप्पट फुटते.

---

माळावरचा | २ जुलै, रात्री ९:३०

काठीची वही (मुलांच्या अक्षरात आहे, मी फक्त उतरवतो):

खाण: २८ मे पाणी आलं. ७ जूनला दोन बोटं उरलं होतं, आम्ही आशा सोडली. ९ जूनला मृगाच्या पावसानं परत भरलं. २४ जूनला पहिले इवले बेडूक काठावर, नखाएवढे. ‘मोजता आले नाहीत, पायाखाली येतील म्हणून आम्ही लांब उभे राहिलो.’

वरचे चर: २९ मे अंडी. ५ जून कोरडे. ‘सगळे मेले. मुंग्या आल्या होत्या.’

ओघळीतली कुंडं: अजून पाणी आहे. त्यात कुणीतरी मासे सोडलेत, डिंभक एकही नाही.

---

निशाचर | २ जुलै, रात्री १०:०५

हे पान जसंच्या तसं नोंदवहीला जोडा. मुलांच्या अक्षरातच.

---

माळावरचा | १६ ऑगस्ट, रात्री १०:५०

ग्रामसभा झाली. सापांच्या पानावर आता चारऐवजी तेरा नावं आहेत, सरडे-पालींची सात, बेडकांची आठ, त्यातली तीन प्रजातीपर्यंतच. नकाशा हातानं काढलाय, पाच भाग, प्रत्येकापुढे मनुष्यतास. खाण आणि टेप वगळायला कुणाचाच विरोध नव्हता, खाण तशीही कुणाला नको होती. बरडावर अर्धा तास वाद झाला. एकानं विचारलं, सरडा मोठा की माणूस. तात्या उठले आणि म्हणाले, बरड गेलं तर माझी मेंढरं कुठं चारू ते सांगा, सरड्याचं मागनं बघू. त्यावर जास्त टाळ्या पडल्या.

ठराव: आधी उत्तरेकडचा बाभळीचा कोपरा द्यावा, कमी पडल्यास बरडाचा रस्त्यालगतचा पट्टा, आणि त्याआधी सप्टेंबरची पाहणी पूर्ण करावी. कंपनीचं उत्तर यायचंय.

सप्टेंबरात कुणी येणार असेल तर कळवा. राहायची सोय आहे. बूट आपापले आणा.

---

कुसळ | १६ ऑगस्ट, रात्री ११:०२

मी येतो. हस्ताचा पाऊस लागला की फोन करा. दगड कसा उचलायचा ते वाचलंय, पलीकडच्या कडेनं.